तीन टिंबांच्या पलीकडचं ‘नाही’

थांबा, पान उलटू नका. मला हे आत्ताच सांगायचंय. आधी हे, बाकी सगळं नंतर, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. ह्या अंकाच्या संपादक ताईंनी ‘कामाचे अनुभव’ मागितले तेव्हा मी म्हटलं, अहो मी सव्वीस वर्षांची, अनुभव निवृत्त माणसं लिहितात. त्या म्हणाल्या, तू बोलतेस तसं लिही. तर बोलते. फोनवर दोन अंगठ्यांनी टाइप करतेय, चुका झाल्या तर त्या अंगठ्यांच्या.

सांगायचं हे की, मी एकदा एका बाईच्या मागे उभी राहून तिला चुकीचं उत्तर सापडताना बघितलं, आणि वहीत ‘उत्तर सापडलं’ असं लिहून बरोबरची खूण केली.

झालं. सांगितलं. आता नीट सांगते.

काम असं होतं. पुण्यातली एक कंपनी, मराठीतून माहिती शोधायची सोय बनवत होती. तिथल्या लोकांना प्रश्न पडला की फोनची स्क्रीन लहान असली तर माणूस वेगळ्या पद्धतीने शोधतो का? आता हा प्रश्न मोठमोठ्या कॉम्प्युटरसमोर बसून सुटणार नव्हता. म्हणून त्यांना गावोगाव फिरणारं कुणीतरी हवं होतं. मी महाडची, कॉम्प्युटर शिकलेली, आणि मुख्य म्हणजे बडबडी. लागले कामाला.

माझ्या बॅगेत तीन फोन असायचे. मी त्यांची नावं ठेवली होती धाकटा, मधला आणि थोरला. धाकटा मुठीत मावायचा. थोरला म्हणजे पोळपाटच. मी घरोघर जायचे, माणसाला एकेक फोन हातात द्यायचे आणि प्रश्न सांगायचे. पोलादपूरहून महाडला शेवटची एसटी किती वाजता ते शोधा. उद्या पाऊस आहे का शोधा. सातबारा कसा काढायचा शोधा. आणि मग मागे उभं राहून बघायचं. किती सेकंद लागले, अंगठ्याने पान किती वेळा खाली सरकवलं, कितव्या ओळीवर बोट ठेवलं. बस्स. सगळं वहीत.

आणि एक नियम होता. मधे बोलायचं नाही. माणूस चुकला, अडकला, वैतागला, तरी गप्प. आमच्या पुण्याच्या केतकी मॅडम दर सोमवारी फोनवर बजावायच्या, “प्राची, तू मदत केलीस की ती नोंद बाद.” मला गप्प बसायला लावणं म्हणजे काय, ते माझ्या आईला विचारा.

तर धाकट्या फोनवर होतं काय, की टाइप करायला घेतलं की खालून कीबोर्ड वर येतो आणि अर्धी स्क्रीन खाऊन टाकतो. उरलेल्यात उत्तराच्या जेमतेम दोन ओळी दिसतात. आणि जे दिसतं तेच उत्तर, असं माणूस धरून चालतो. मोठ्या फोनवर तोच माणूस चार गोष्टी बघतो, तुलना करतो. हे मी पहिल्याच महिन्यात लिहून पाठवलं आणि स्वतःला फार हुशार समजले.

पण माणसं काही इतकी सरळ नसतात ना! महाडच्या बाजारात एक आंबेवाले काका होते. थोरला फोन दिला तरी ते पान खाली सरकवायचेच नाहीत. पहिली ओळ, बोट, संपलं. सगळे प्रश्न झाल्यावर बोलायची मुभा असायची, म्हणून विचारलं, “काका, खाली का नाही बघितलंत?”

“खाली काय असतं गो?”

“आणखी उत्तरं असतात.”

“पोरी, मी तीस वर्सं पाटी भरतोय. वर चांगला माल लावतात, खाली कसला लावतात ते मला नको सांगू.”

आणि त्याच आठवड्यात पाचाडला एक खानावळवाल्या मावशी भेटल्या, त्यांनी इवल्याशा धाकट्यावर सात पानं उघडली. एसटीची वेळ विचारली होती हो, फक्त एसटीची वेळ. मी मागे उभी राहून नुसती पाय बदलत होते. शेवटी म्हणाल्या, “पयलीच पोरगी बघून लग्न ठरवतात काय? बघायला नको चार ठिकाणी?”

बोलून शोधायचं तर त्याहून भारी. एक आजोबा फोन तोंडाजवळ धरून ओरडले, “आता येस्टी हाय का?” फोनने त्यातलं फक्त ‘हाय’ पकडलं आणि म्हणाला, “हाय! मी तुमची काय मदत करू?” आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, हाय म्हणतोय,” आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालायला लागले. नियम नियम! मी तोंडावर ओढणी धरून उभी.

आणखी एक गंमत कळली, ती कुठल्याच कागदात लिहिलेली नव्हती. मोठा फोन घेतला म्हणजे स्क्रीन मोठी झाली असं नसतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक अक्षरं मोठी करून घेतात. घरातल्या एकाला दिसत नसेल तर सगळ्यांसाठी मोठी. मग पोळपाटाएवढ्या फोनवरसुद्धा दोनच ओळी मावतात. आणि मुळात लहान असलेल्या फोनवर अक्षरं मोठी केली तर? तर एका वाक्याचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत.

आता येते रेखावर. तिचं नाव रेखा नाही. तिने सांगितलंय, लिही पण नाव नको आणि वाडीचंपण नको. पोलादपूरजवळ कापडे गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, एसटी थांब्यापासून अर्धा तास चढ, एवढंच सांगते. दिवस भातकापणीचे. वाडीत माणूस दिसेना, सगळे शेतावर. एका घराच्या ओटीवर रेखा चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. आठवा महिना. नवरा मुंबईला. सासू सकाळपासून कापणीला गेलेली.

“या ताई. मी काय, बसूनच हाय,” ती म्हणाली. आणि ‘बसूनच’ म्हणताना अशी ओशाळली की जणू काही गुन्हाच.

तिने फटाफट केलं सगळं. माझ्याएवढीच असेल, दोन वर्षांनी लहानच. धाकटा, मधला, थोरला, तिन्ही फोन हसत हसत हाताळले. थोरला हातात घेऊन म्हणाली, “यात तर आख्खी सासू मावेल.” मला ती इतकी आवडली! मधे एकदा उठताना तिने कमरेवर हात दाबला आणि डोळे मिटले. मी पाहिलं. विचारलं नाही. मधे बोलायचं नाही.

शेवटचा प्रश्न नेहमी असा असायचा, की आता तुमच्या स्वतःच्या फोनवर, आमचंच शोधायचं पान उघडून, तुम्हाला खरंच जे हवंय ते शोधा. हा माझा आवडता प्रश्न. लोक काय काय शोधायचे! सोन्याचा भाव, पोराची शाळा, पांढरे केस.

रेखाचा फोन म्हणजे नवऱ्याचा जुना, कोपऱ्यात तडकलेला. अक्षरं ही मोठी, कारण सासूला मुलाचा मेसेज वाचता यावा म्हणून. रेंज यायची ती फक्त अंगणाच्या टोकाला, गोठ्याच्या मागे एक सपाट दगड आहे तिथे. ती त्या दगडावर जाऊन बसली, मी दोन पावलं मागे, हातात वही. तिने जरा अंग चोरूनच टाइप केलं. मला दिसलं. आठवा महिना, कंबर दुखते, आणि एका गोळीचं नाव. सासऱ्यांच्या गुडघेदुखीची गोळी होती ती, नंतर कळलं.

उत्तर आलं. तिने ओठ हलवत वाचलं. मीही तिच्या खांद्यावरून वाचलं. जाड अक्षरांत लिहिलं होतं,

‘शेवटच्या तीन महिन्यांत ही गोळी घेणं सुरक्षित…’

“हं,” रेखा म्हणाली. तिचा चेहरा असा सुटला ना, जणू कुणीतरी पाठीवर हात ठेवला. फोन बंद करून ओच्यात टाकला.

मी लिहिलं. वेळ छत्तीस सेकंद. पान सरकवलं शून्य वेळा. उत्तर सापडलं. आणि खूण. खरं सांगते, त्या दिवसातलं सगळ्यात झटपट उत्तर म्हणून मला बरं वाटलं. तिने माझ्या पिशवीत चवळीच्या शेंगा कोंबल्या, मी नको नको म्हणत घेतल्या आणि उतरले.

कापड्याच्या थांब्यावर एसटीला वेळ होता. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. शेवटचा प्रश्न तिन्ही फोनांवर परत शोधून स्क्रीनचे फोटो काढायचे, हे माझं काम. बसल्या बसल्या केलं. धाकट्यावर तेच, ‘घेणं सुरक्षित…’ आणि तीन टिंबं.

मधल्यावर, ‘घेणं सुरक्षित मानलं जात…’

मग थोरला काढला.

‘शेवटच्या तीन महिन्यांत ही गोळी घेणं सुरक्षित मानलं जात नाही.’

मी ते तीनदा वाचलं. आपल्या मराठीत ‘नाही’ शेवटी येतं हो! सगळं वाक्य गोडगोड बोलत जातं आणि अगदी दारापर्यंत पोचवून म्हणतं, नाही. समोरासमोर बोलताना माणसाच्या चेहऱ्यावरून ते आधीच कळतं. फोनला कुठे चेहरा असतो? स्क्रीन जिथे संपली तिथे त्याने वाक्य तोडलं, आणि उरलं ते बरोब्बर उलटं. मधल्या फोनवर तर आणखीच उलटं. अर्धं वाचणारा फसला आणि पाऊण वाचणारा जास्त फसला.

तिला फोन लावला. लागेना. लागणार कसा, ती काय दिवसभर दगडावर बसणार?

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरने दार धरून विचारलं, “ओ मॅडम, येताय ना?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढा एकच शब्द, आणि पळत सुटले.

चढ पळत चढायचा नसतो. मधे दोनदा बसले. तीन फोन, पाण्याची बाटली आणि ती चवळी, सगळं पाठीवर आदळत होतं. डोक्यात एकच. घेतली असेल का? किती घेतल्या असतील? दुखणारी बाई एकीवर थांबते का?

वर पोचले तर ओटीवर सासू. आताच शेतावरून आलेली, डोक्याचा फडका सोडत होती. आणि दारात रेखा. तिने मला बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय. आणि डोळ्यांनी मला सांगितलं, इथे नको.

“काय गो, परत आलीस?” सासू.

“एक प्रश्न राहिला आजी. रेखावहिनींचा. दोनच मिनिटं.”

“बघा! सरकारी लोकांसारखं. एका फेरीत काम होईल तर शपथ,” म्हणून ती पाय धुवायला वळली.

दगडाजवळ गेलो. मी विचारलं, “गोळी घेतलीत?”

“तुमी गेलात आणि घेतली. एक. आता रात्री जेवल्यावर दुसरी घेणार होते. का?”

मी थोरला तिच्या हातात दिला. तिने वाचलं. परत वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं, खरंच बोट ठेवलं, जसं लहान मूल ठेवतं. आणि तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

“तू मागंच उभी होतीस की गो,” ती म्हणाली. ताई गेलं, तुमी गेलं. “मग बोलली का नायस?”

मला नियम सांगता आला असता. पण ते खोटं झालं असतं. “मीपण नाही वाचलं पुढचं,” मी म्हटलं. “मलापण वाटलं सुरक्षित.” कॉम्प्युटर शिकलेली मी. दिवसभर दुसऱ्यांचे अंगठे मोजणारी मी. मीपण शून्य वेळा सरकवलं.

रडायला वेळ नव्हता. तिच्याकडे आशाताईंचा नंबर होता. आशाताई म्हणजे गावातल्या पोटुश्या बायकांची, लहान पोरांची देखरेख ठेवणारी बाई. पहिल्या रिंगला उचलला. मी भराभरा सांगायला लागले तर म्हणाल्या, “तू गप्प बस, तिला दे.” बरोबर केलं त्यांनी.

“किती घेतल्यास?”

“एकच.”

“नाव वाच गोळीचं. अक्षर न् अक्षर वाच.” रेखाने कनवटीतून पाकीट काढून वाचलं. “बाळ हलतंय?”

रेखा थांबली. डोळे मिटून बघितलं, आतल्या आत. गोठ्यातली म्हैसपण गप्प होती त्या वेळेस, मला तरी तसं वाटतं.

“हलतंय.”

“डॉक्टरांना विचारून दहा मिनटात फोन करते. रेंज सोडू नकोस.”

ती दहा मिनिटं! आम्ही दोघी त्या एका दगडावर खेटून बसलो, फोन मधे ठेवून. रेखा म्हणाली, “कापणी चालू हाय ना. आत्या पहाटेपासून वाकलेली. मी सांगू तरी कसं, माझी कंबर दुखते म्हणून? काही न करता?” आत्या म्हणजे सासू. मी काही बोलले नाही. ह्या वेळेस नियम म्हणून नाही.

आणि पाठीमागून आवाज आला. “काय झालं गो?”

सासू. कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. रेखाने पाकीट मुठीत दडवलं, मग परत उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. कंबर, गोळी, फोन, नाही. एका दमात. मी जमिनीकडे बघत होते, मला वाटलं आता आभाळ फाटणार.

म्हातारीने तिच्या हातातलं पाकीट घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, “फोनाला सांगितलंस. मला नाय सांगितलंस?”

“तुमी म्हणाला असतात, कामाच्या टायमाला बरं दुखतं…”

“म्हटलंच असतं!” सासू ठसक्यात म्हणाली. “म्हटलं असतं, आणि मग तेलपण लावलं असतं.”

रेखा हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकदम होतं ना कधी कधी, तसं. सासू तिच्या शेजारी बसली. मी सरकले. दगड दोघींचाच होता. सासूने ओल्या हाताने तिची कंबर चाचपून बघितली, इथे? की इथे? “माझी बी इथंच दुखायची, ह्याच्या बापाच्या टायमाला,” म्हणाली. ‘ह्याच्या’ म्हणजे पोटातल्याच्या. म्हणजे मुंबईच्या मुलाच्या वेळेस. हे कळायला मला दोन मिनिटं लागली.

आणि फोन वाजला. आशाताई म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात, एक गेली तर गेली, घाबरू नको, पण आता दुसरी नको म्हणजे नको. बाळ हलायचं कमी झालं किंवा काही वेगळं वाटलं तर ताबडतोब निघायचं, गाडीची सोय मी करते. नाहीतर उद्या सकाळी दवाखान्यात यायचं, तपासून घेऊ. “आणि कंबर दुखते तर मला फोन कर, त्या फोनाला नको,” म्हणाल्या. फोनवरूनच म्हणाल्या. पण ते मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मीही गेले दवाखान्यात. सुट्टी टाकून. बाहेरच्या बाकावर सासू आणि मी बसलो. सासू नुसती हाताची बोटं मोजत होती, परत परत, आठ, नऊ, आठ, नऊ. मग रेखा बाहेर आली आणि लांबूनच मान हलवली, की सगळं ठीक. सासूने मोजणं थांबवलं आणि मला म्हणाली, “चहा घेशील?”

केतकी मॅडमना मी सगळं लिहून पाठवलं. खूण खोडली, ‘चुकीचं उत्तर सापडलं, नोंद करणारीलाही’ असं लिहिलं. सोमवारी फोन आला. “प्राची, नियमाप्रमाणे ही नोंद बाद होते,” मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ती बरी आहे ना?” मी म्हटलं, हो. “मग हीच नोंद सगळ्यांत आधी दाखवते मी इथे,” म्हणाल्या.

आमच्या पानावर मग दोन गोष्टी बदलल्या. एक, ओळ मावली नाही तर ती तुटत नाही, खाली दुसऱ्या ओळीवर जाते. दुसरी मी सुचवली, आणि हिचा मला अभिमान आहे, सरळ सांगते. धोक्याचं काही सांगायचं असेल तर वाक्य ‘नको’ने सुरू करायचं. ‘नको, ही गोळी घेऊ नका.’ पुण्याच्या एका साहेबांनी विचारलं, हे व्याकरणात बसतं का? मी म्हटलं, सर, चुलीकडे पोर रांगत निघालं की आई काय म्हणते? आधी नको, मग बाकीचं वाक्य. बाकीच्या कंपन्यांच्या पानांचं मला माहीत नाही. तिथे अजून टिंबं आहेत.

ते काम आता संपलं. तिन्ही फोन परत पाठवले. माझ्या वहीत शेकडो खुणा आहेत, आणि कधीकधी मला वाटतं, त्यातल्या आणखी किती खुणांच्या पुढे ‘नाही’ होतं? त्या घरांत मी परत चढून गेले नाही. हे मला टोचतं. आंबेवाले काका आठवतात, आजोबा आठवतात, त्यांना एसटी मिळाली का?

रेखाला मुलगी झाली. सासूचा फोन आला होता, दगडावरूनच, कारण मागून म्हैस ऐकू येत होती. “पोरगी हाय,” ती ओरडून म्हणाली, “रडते लय. आणि आईची कंबर दुखते अजून. पण सांगते आता. सारखी सांगते! कान किटले माझे.” आणि हसली.

तर आता तुम्ही सांगा, प्लीज सांगा, अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवा हवं तर. तुमच्याबाबतीत झालंय का असं? अर्धी ओळ वाचून जीव सुखावला, फोन खाली ठेवला, आणि पुढचा शब्द उलटा निघाला? आणि तेव्हा कुणी धापा टाकत आलं का हो सांगायला, की अगं थांब, पुढे ‘नाही’ आहे?